मिठी दहा मिनिटं पुढे ढकलणाऱ्या ताईंना

ताई,

तुम्ही बजावून सांगितलं होतंत की संस्थेचं नाव कुठे टाकू नका, आणि माझं तर मुळीच नको. म्हणून टाकत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. घरात बसून तुमचे आभार मानले तर ते माझ्यापुरते राहतील. नाशिकमध्ये आज संध्याकाळीही कितीतरी घरांत कामावरची शिशाची धूळ बसलेला एखादा शर्ट खिळ्याला अडकवला जाणार आहे. त्या घरांपर्यंत हे पोचायला हवं.

परवा धाकट्याच्या रक्तातल्या शिशाचा चौथा रिपोर्ट आला. १२. पहिला २८ होता. रिपोर्ट हातात घेऊन रिक्षात बसले आणि त्रिमूर्ती चौक येईपर्यंत माझं रडणं थांबलं नाही. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "ताई, काही वाईट झालं का?" मी म्हटलं, "नाही हो दादा, चांगलं झालंय." पैसे देताना तो म्हणाला, "मग पेढे आणा घरी." आणले. पण पहिला पेढा ज्यांच्या हातावर ठेवायचा त्या तुम्ही त्या दिवशी दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तीत होतात.

दीड वर्षाचा होईपर्यंत पोरगं चांगलं होतं. मग पोट दुखायला लागलं. चार-चार दिवस शी व्हायची नाही, रात्री पाय पोटाशी घेऊन कळवळायचा. चेहरा पांढराफटक. शब्द वाढेनात. थोरली त्याच्या वयाची असताना दिवसभर बडबडायची आणि हा बोट दाखवून रडायचा. माती खायचा, पडवीच्या भिंतीचे पोपडे नखाने काढून तोंडात टाकायचा. त्यासाठी मी त्याला मारलंय, ताई. एकदा नाही, बऱ्याचदा. हे तुम्हाला तोंडाने कधी सांगितलं नाही, इथे लिहिते.

दोन वर्षांत आम्ही किती दवाखाने केले त्याची फाईल तुम्ही बघितलीत. एकाने तीन वेळा जंताचं औषध दिलं. दुसऱ्याने लोहाचं सिरप लिहून दिलं, हिमोग्लोबिन ८ च्या वर सरकेना तेव्हा महागडं सिरप लिहून दिलं. तिसऱ्याने मोबाईलवरची नजरसुद्धा न काढता मला ऐकवलं, "आईचं लक्ष नसतं, म्हणून पोरं माती खातात." बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की याला वेगळ्या शाळेत घाला, हा बाकीच्यांना डिस्टर्ब करतो. सासूबाईंनी नजर उतरवली, सप्तशृंगीला नवस बोलल्या. सासूबाईंबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही, त्यांनी निदान पोराला मांडीवर घेऊन केलं जे केलं ते. पण जे शिकले, ज्यांनी माझ्याकडून फी घेतली, त्यांच्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही आणि तो लपवायची मला गरजही वाटत नाही. प्रत्येक केसपेपरवर एक रकाना असतो, वडिलांचा व्यवसाय. प्रत्येक ठिकाणी मी तो भरला. "खाजगी नोकरी." दोन वर्षांत एकाही माणसाने त्या दोन शब्दांच्या पुढे विचारलं नाही की कसली नोकरी?

अंगणवाडीत तुमच्या लोकांनी आयांची बैठक घेतली तेव्हा मी खरं तर ब्लाउजच्या ऑर्डरी टाकून नाइलाजाने आले होते. तुम्ही उभ्या राहिलात आणि औषधांबद्दल, स्वच्छतेबद्दल काहीच बोलला नाहीत. एवढंच विचारलंत, "तुमच्या घरात कुणी बॅटरीचं काम करतं का? रंगकाम? भंगार? वेल्डिंग? कल्हई?" माझा हात वर गेला. हे बॅटरी रिपेअरिंगच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. इन्व्हर्टरच्या, गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, प्लेटा काढायच्या, साफ करायच्या, बदलायच्या. बारा वर्षं झाली. त्या प्लेटा शिशाच्या असतात हे मला ठाऊक होतं. ती धूळ घरी येते, पोराच्या पोटात जाते आणि त्याचं रक्त तयार होण्यातच अडथळा आणते, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडलं. सिरपच्या बाटल्या का वाया गेल्या ते तेव्हा कळलं.

नंतर तुम्ही एकदा सांगितलंत की १७०० साली इटलीतल्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरने इतर वैद्यांना लिहून कळवलं होतं, आजाऱ्याला जे जे विचारता त्यात आणखी एक प्रश्न घाला, तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली त्याला. माझ्या पोराच्या फाईलमध्ये नऊ डॉक्टरांची अक्षरं आहेत.

रक्ताची तपासणी कशी झाली, नमुना कुठे गेला, पैसे कुणी भरले, ते सगळं सोडून देते. आकडा आला दर डेसिलिटर रक्तात २८ मायक्रोग्रॅम शिसं. पाचच्या वर सापडलं तर शिसं येतंय कुठून ते शोधा आणि बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि खरं बघता शरीरात शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, असंही तीच सांगते. मी तुम्हाला विचारलं, "ताई, औषध?" तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. ज्या औषधाने शिसं ओढून काढतात ते साधारण ४५ च्या वर देतात, आपल्याला घरातून शिसं बाहेर काढायचंय, असं म्हणालात. आणि मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणालात, "जे झालंय ते सगळं पुसलं जाईल असं मी म्हणणार नाही. पुढचं थांबवता येईल, ते नक्की सांगते." त्या वाक्याने मला झोप लागली, ताई. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं बोललं होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

तुम्ही गुरुवारी दुपारी घरी आलात. गुडघ्याला पट्टा होता तुमच्या, पायरी चढताना दाराची चौकट धरलीत. मी खुर्ची पुढे केली. तुम्ही बसला नाहीत. चपला बाहेर काढल्यात, पदर खोचलात आणि धाकट्याला विचारलंत, "तू कुठे कुठे खेळतोस? मला दाखव." तो लाजून पळाला आणि तुम्ही त्याच्या मागे चक्क रांगत निघालात. पट्टा बांधलेल्या गुडघ्यावर. त्याला गंमत वाटली. तो पुढे, तुम्ही मागे. दारापासून पडवी, पडवीतून कॉटच्या खाली, तिथून शिलाई मशीनच्या पायांमधून कोपऱ्यातल्या ट्रंकेपाशी. सासूबाई माळ थांबवून बघत बसल्या. ट्रंकेपाशी पोचल्यावर तुम्ही थांबलात आणि मला म्हणालात, "तुम्हीपण खाली या. इथून बघा."

मी खाली बसले. नऊ वर्षं त्या खोलीत राहतेय, पण माझी खोली मी तिथून कधी बघितलीच नव्हती. वर खिळ्याला यांचा कामाचा शर्ट. शर्टाचं टोक बरोबर धाकट्याच्या कपाळाच्या उंचीला. खाली ट्रंक. ट्रंकेवर त्याची लाल गाडी. आणि ट्रंकेच्या पत्र्यावर बारीक राखाडी थर, त्यात गाडीच्या चाकांच्या रेघा आणि चार बोटांचे ठसे. रोज केर काढणारी बाई मी. उभ्याने तो थर दिसतच नाही, पत्र्याचाच रंग वाटतो. तुम्ही पिशवीतून ओला पांढरा कपडा काढून एकदाच फिरवलात. तपासायला पाठवायचा म्हणून घडी घालून पिशवीत ठेवलात. मला काही बोलला नाहीत. मग हळूच विचारलंत, "हा शर्ट धुता कसा?" मी सांगितलं, सगळे कपडे एकाच बादलीत भिजवते, यांचे आणि पोरांचे. सांगतानाच माझा आवाज गेला. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि तिथेच जमिनीवर माझ्याशेजारी बसून राहिलात.

तेवढ्यात हे आले. साडेसहा झाले असतील. धाकटा रोजच्यासारखा धावत गेला आणि यांच्या दोन्ही पायांना मिठी मारून पँटमध्ये तोंड खुपसलं. यांनी आधी तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काय ते यांना कळलं. पोराला खसकन बाजूला केलं. तो पडला, रडायला लागला. यांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. आपल्याच अंगाला विषारी काहीतरी चिकटलंय आणि ते आपणच घरी आणलं, असं एखाद्याला एका क्षणात कळतं तेव्हा जे होतं, ते.

तुम्ही उठलात. गुडघ्यावर हात दाबून, सावकाश. पोराला उचलून कडेवर घेतलंत आणि म्हणालात, "दादा, मिठी थांबवायची नाही हं. फक्त दहा मिनिटं पुढे ढकलायची. आधी आंघोळ, मग मिठी." यांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा तुम्ही आणखी एक वाक्य बोललात, "बारा वर्षांत तुम्हाला कुणी सांगितलंच नाही ना, मग तुमची चूक कशी?"

हे मोरीत गेले. नळ बराच वेळ चालू होता. आम्ही दोघींनी नळाच्या आवाजाआडचं रडणं ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. दहा मिनिटांनी धुतलेला सदरा घालून बाहेर आले, खाली बसले, हात पसरले. धाकटा तुमच्या कडेवरून उतरून गेला.

बाकी तुम्ही जे केलंत ते मोठं आहे हे मला समजतं. तुमची निवेदनं, तुमच्या फेऱ्या, ऑफिसांतून तासन्‌तास बसणं. पण दुसरं कुणी आलं असतं तर मला खात्री आहे की यादी हातात दिली असती आणि यादीत पहिलं लिहिलं असतं, वडिलांनी मुलाला जवळ घेऊ नये. मग यांनी घेतलं नसतं, आयुष्यभर घेतलं नसतं. माझा नवरा तसाच आहे, मनाला लागलं की लागलं. शिसं गेलं असतं आणि बाप पण गेला असता. तुम्ही त्या दिवशी तो वाचवलात.

घरात काय काय बदललं ते वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. यांचे कामाचे कपडे आणि बूट घरात येत नाहीत, कपड्यांची बादली वेगळी. कोरड्या केरसुणीने झाडणं बंद, कारण त्याने धूळ उडते आणि पुन्हा बसते. ओल्या फडक्याने पुसायचं. पोरांचे हात खाण्याआधी धुवायचे. पोरांना उपाशी पोटी ठेवायचं नाही, कारण रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं आणि लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं म्हणून हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. म्हणून दूध, नाचणी, अंडी, हिरव्या भाज्या, लिंबू. लोह कमी असलं की शिसं आणखी शोषलं जातं, आणि लोह कमी असलं की पोरं माती खातात. माझं पोर त्या फेऱ्यात फिरत होतं आणि मी त्याला मारत होते.

सासूबाईंना तुम्ही नजरेवरून हसला नाहीत हेही माझ्या लक्षात आहे. उलट विचारलंत, "आजी, काजळ घरी धरता की विकतचं?" काही सुरम्यांत शिसं असतं, असं समजावून सांगितलंत. सासूबाई दुसऱ्या दिवसापासून तुपाचं काजळ धरायला लागल्या आणि शेजारच्या दोन घरांना पण देतात. बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, तो शिसपेन्सिल चघळतो, त्यातूनच गेलं असेल. तेव्हा तुम्हीच सांगितलंत की पेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं, नाव तेवढं चुकीचं पडलंय. पडवीच्या पोपड्यांचा नमुना पण नेलात, कारण घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि आमची भिंत त्याच्या आधीची.

माझ्या माहेरी, दिंडोरीकडे, द्राक्षबाग आहे. भावाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अक्का, आपला माल युरोपला जायच्या आधी प्लॉटवर येऊन सॅम्पल नेतात. रेसिड्यू रिपोर्ट आल्याशिवाय एक पेटी हलत नाही." २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली होती तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला झोप नव्हती, ते मलाही आठवतं. कुठल्या परक्या देशातल्या पोराच्या पोटात चुकीचा कण जाऊ नये म्हणून एवढी यंत्रणा आपण उभी केली, आणि ती चांगलीच आहे, मी तिच्याविरुद्ध बोलत नाही. पण त्याच नाशिकमध्ये बॅटरीवाल्याच्या पोराचं रक्त एकदा तपासा हे सांगायला कुणी नव्हतं. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात भारतातली साडेसत्तावीस कोटी मुलं पाचच्या वर आहेत असा अंदाज दिलाय, तुम्हीच दाखवला होतात. साडेसत्तावीस कोटींमधलं एक माझ्या मांडीवर झोपलंय. बाकीच्यांच्या आयांना कुठल्या डॉक्टरने काय ऐकवलं असेल?

पेट्रोलमधलं शिसं २००० साली देशभर बंद झालं, कारण त्याच्या आधी कुणीतरी वर्षानुवर्षं ओरडत राहिलं. रंगांचा नियम तसाच झाला. तुम्ही आता जे मागताय, की अशा कामावरच्या माणसांच्या पोरांची रक्ततपासणी फुकट आणि जवळ व्हावी, कामाच्या जागी आंघोळीची आणि कपडे ठेवायची सोय असावी, ते फार मोठं मागणं नाही. एका कार्यालयात मी तुमच्याबरोबर होते. समोरचे साहेब म्हणाले, "आमच्याकडे अशा केसेस येत नाहीत." तुम्ही आवाज चढवला नाहीत. "साहेब, तपासलंच नाही तर येतील कुठून?" एवढंच म्हणालात, आणि माझ्याकडे बघितलंत. मी धाकट्याचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. माझा हात थरथरत होता. साहेबांनी तो उलटा धरला होता, मग सुलटा केला. वाचला की नाही कुणास ठाऊक. पण आवक क्रमांक टाकून घेतल्याशिवाय तुम्ही खुर्ची सोडली नाहीत.

आणि एक. वर्कशॉपच्या मालकाकडे जायच्या आधी तुम्ही यांना विचारलंत. तीनदा विचारलंत. "दादा, नोकरीला धक्का बसेल असं वाटत असेल तर मी जाणार नाही, दुसरा रस्ता शोधू." आमचं घर त्या पगारावर चालतं हे तुम्ही विसरला नाहीत. दुसऱ्याचं भलं करायला निघालेली माणसं हे बऱ्याचदा विसरतात. त्यांचा फोटो निघतो आणि मागे आपलं घर बसतं. यांनी चार दिवस विचार केला आणि "जा" म्हणाले. तुम्ही एकट्या माणसाचं नाव न घेता सगळ्या कामगारांसाठी बोललात. पहिल्या खेपेला मालकाने दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला चहा दिला. आज तिथे मागच्या बाजूला नळ आहे, साबण आहे, कपडे ठेवायला लोखंडी कपाट आहे. यांच्याबरोबरच्या आणखी दोघांच्या पोरांचं रक्त तपासून झालं. एकाचं १९ आलं. त्याची आई माझ्याकडे आली होती, मी तिला ट्रंकेपाशी खाली बसवून सगळं दाखवलं. तुमच्यासारखं रांगता मला आलं नाही, पण खाली बसले.

थोरलीचंही तपासलं होतं, ९ होतं, आता ४ आहे. ती शाळेत जायची, जमिनीवर कमी असायची, म्हणून वाचली. हे ती ऐकते आणि भावाकडे बघून गप्प होते. आठ वर्षांची आहे, तिला समजतं.

धाकटा आता वाक्यं बोलतो. मागे आहे अजून, त्याच्या वयाच्या पोरांपेक्षा मागे आहे, मी स्वतःला फसवत नाही. पण पोट दुखत नाही, हिमोग्लोबिन ११ झालंय, माती खात नाही. संध्याकाळी साडेसहाला टॉवेल घेऊन मोरीच्या दाराशी उभा राहतो आणि विचारत राहतो, "झालं का पप्पा? झालं का?" आतून आवाज येतो, "साबण राहिलाय." मग दार उघडतं.

खिळा आम्ही काढून टाकला. भिंतीतलं भोक यांनी पुट्टी लावून बुजवलंय, त्या जागी रंग जरा वेगळा दिसतो. ट्रंक तिथेच आहे, गाडी तिच्यावरच असते, मी रोज पुसते आणि पुसून झाल्यावर एकदा खाली बसून बघते.

पेढे संपले, तुमच्यासाठी परत आणेन. तो रोज विचारतो, रांगणाऱ्या मावशी कधी येणार? गुडघा बरा असेल तेव्हा या. गुरुवारी मी घरीच असते.

तुमची,
धाकट्याची आई
सिडको, नाशिक